कोपऱ्यातला आकडा

आमच्या सरांचा मला राग आहे. माणूस आता उमरखेडला घरी बसलाय, डोळ्यांनी अधू झालाय, कोणाच्या अध्यात ना मध्यात. तरी राग आहे. कॉलेजातल्या लोकांना वाटतं, त्यांनी माझ्या प्रबंधावर सही केली नाही म्हणून मी डूख धरून आहे. वाटू दे. खरं कारण मलाच गेल्या महिन्यापर्यंत ठाऊक नव्हतं.

यवतमाळात आमच्या कॉलेजच्या मागच्या अंगाला, सायकल स्टँडला लागून, एक खोली आहे. तिथं पूर्वी मोडकी बाकडी टाकत. सरांनी बाकडी बाहेर काढली, दोन संगणक आत आणले आणि वीस वर्षं तिथंच काढली. बाकीचे तिला प्रयोगशाळा म्हणत. सर म्हणत, "प्रयोग कोठी करतो आपण? दुसऱ्याचे केलेले पाह्यतो. खोली म्हणा." मे महिन्यात डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून बसायचे. लाईन गेली की संगणकावर तोच दुपट्टा टाकून बाहेर येऊन उभे राहायचे आणि आली की पुन्हा आत. मधल्या वेळात कोणाशी अक्षर बोलायचे नाहीत.

प्रोटीनचा फोटो निघत नाही, हे आधीच सांगते म्हणजे पुढचं सोपं जाईल. मोठ्या यंत्रातून जे निघतं तो एक नकाशा असतो. रेणूत इलेक्ट्रॉनांची दाटी कुठं जास्त, कुठं कमी, एवढंच त्यात असतं. परदेशातले लोक असे नकाशे काढतात आणि सगळ्यांसाठी फुकट खुले ठेवतात. आपण ते उतरवून घ्यायचे, पडद्यावर त्यांची निळी जाळी काढायची आणि त्या जाळीत एकेक अणू बसवत जायचं. जाळी कुठल्या पातळीवर काढायची ते मात्र आपणच ठरवायचं. पातळी वर ठेवली की पक्कं तेवढंच उरतं. खाली आणली की यंत्राचा गोंगाटसुद्धा जाळी होऊन समोर येतो, आणि मग माणसाला जे हवं असतं ते त्यात दिसायला लागतं.

सर हे शिकवायला घरून दाळीची चाळणी घेऊन यायचे. "भोकं मोठे केले का खडेबी खाली येते," म्हणायचे. "मंग दात पडला त दाळीले शिव्या देऊ नका."

त्यांचा एक नेम होता आणि तो नवख्या पोट्ट्यांना फार हसवायचा. नवा नकाशा उघडण्याआधी कागदाच्या चिठ्ठीवर पातळीचा आकडा लिहायचा, घडी घालायची आणि बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकायची. नकाशा आपल्याला आवडो न आवडो, चिठ्ठीतला आकडा बदलायचा नाही. "आधी आकडा, मंग डोळे," एवढंच म्हणायचे. चिठ्ठी टाकेपर्यंत पडदा बंद. मी एकदा चोरून आधी पाहिलं तर त्यांनी तो नकाशा माझ्याकडून काढून दुसऱ्याला दिला. दोन महिन्यांचं काम होतं. रडले, तर म्हणाले, "रडून घे. मंग दुसरा नकाशा उतरव."

हा नेम खोलीपुरता राहिला असता तर काही बोलणं नव्हतं. पण त्यांना सगळं जग त्याच चाळणीतून गाळायची खोड. कोणी म्हटलं, अमका फार सज्जन आहे, की सर विचारणार, "किती पातळीवर?" कोणी म्हटलं, यंदा पाऊस बरा आहे, की तेच. प्राचार्यांच्या निरोपसमारंभात सगळ्यांनी भरभरून स्तुती केली. सरांची पाळी आली तेव्हा ते उभे राहून म्हणाले, "सायब वेळेवर येत होते. बाकी म्या मोजलं नाही." आणि बसले. टाळ्या वाजवाव्यात की नाही, ते कोणाला कळेना.

माझं तर त्यांनी लग्नच मोडलं. मी बाभुळगावची. वडील तहसिलीत कारकून, दोन पिढ्या आमच्या घरात नोकरीच. स्थळ दारव्ह्याकडचं, घर चांगलं. मुलाचे काका कॉलेजात येऊन सरांना भेटले, पोरगी कशी आहे म्हणून. सरांनी विचार केला आणि सांगितलं, "स्क्रिप्ट चांगली लिहिते. स्वभाव मोजला नाही." काका तसेच एसटीत बसून परत गेले. माझी आई महिनाभर सरांच्या नावानं बोटं मोडत होती. मी सरांना जाब विचारला तर त्यांना खरोखरच कळलं नाही मी कशाबद्दल बोलतेय. "मंग मोजल्याबिगर कसं सांगू?"

स्क्रिप्ट म्हणजे संगणकाला लिहून दिलेल्या कामाच्या ओळी. नकाशा उघड, धार कमी कर, पातळी लाव, चित्र काढ. सरांची एक स्क्रिप्ट होती, ती ते प्रत्येक विद्यार्थ्याला द्यायचे. मध्ये मध्ये त्यांनी वऱ्हाडीत टिपा लिहून ठेवलेल्या. "इथं हात लावू नये." "हे काहून केलं ते म्याच विसरलो, पण चालते." शेवटच्या ओळीचं काम एकच होतं. चित्र निघालं की त्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात पातळीचा आकडा छापायचा, आणि जाळी कापली असेल तर तेही छापायचं. जाळी कापणं म्हणजे आपण बसवलेल्या अणूंच्या जवळची तेवढी जाळी ठेवून बाकीची पुसून टाकणं. चित्र स्वच्छ दिसतं. आजूबाजूला किती कचरा होता, ते पाहणाऱ्याला कळत नाही. त्या ओळीवर सरांनी लिहिलं होतं, "ही ओळ काढू नये. काढायची इच्छा झाली त उठून पाणी प्यावं."

मी पाणी प्यायले नाही.

माझा विषय होता बोंडअळीच्या आतड्यातलं एक प्रोटीन. कापसाच्या मुलखात याहून सोन्यासारखा विषय कुठला असणार. परदेशातल्या एका गटानं त्याचा नकाशा काढून ठेवला होता आणि त्यात एका खोबणीत काहीतरी न ओळखलेलं सोडून दिलं होतं. ते काय आहे ते मी ओळखलं, असं मला वाटलं. चरबीसारखा एक लांब रेणू. तो खोबणीत बसतो हे दाखवता आलं तर अळीला मारायची नवी जागा सापडली असती. मी चार वर्षं त्यावर घालवली. आमच्या कामात असं अनोळखी काही खरं मानायचं तर ते तीनच्या पातळीला दिसायला हवं. तीनला तिथं तीन सुटे ठिपके दिसायचे. सर पहिल्या वर्षापासून म्हणत, "पाणी असन. पाण्याचे तीन रेणू. लिहून टाक आन् पुढं जा." मला पुढं जायचंच नव्हतं. आणि जाणार कुठं? मी तासिकेवर शिकवत होते. किती वर्षांनी कॉलेजात एक कायम जागा निघाली होती आणि मुलाखतीच्या आत डॉक्टरेट हातात हवी होती. पाण्याचे तीन थेंब घेऊन कोण डॉक्टरेट देतं?

मग एक दिवस मी पातळी एक पॉइंट दोनवर आणली. ठिपके लांबट झाले, एकमेकांना चिकटले. जाळी कापली. पडद्यावर माझा रेणू उभा राहिला, सगळा, शेपटीसकट. इतकं सुंदर चित्र मी आयुष्यात काढलं नव्हतं. मग शेवटची ओळ काढली, वरच्या टिपेसकट.

सरांपुढं प्रबंध ठेवला. त्यांनी ते पान उघडलं आणि चित्राकडे पाहिलंच नाही. आधी कोपऱ्याकडे पाहिलं.

"कोपरा कोठी गेला?"

"सर, चित्र स्वच्छ दिसावं म्हणून."

"जाळी कापली?"

"सगळेच कापतात सर."

"किती?"

मी सांगितलं नाही. त्यांनी प्रबंध मिटला आणि हातानं माझ्याकडे सरकवला. "हे माह्या सहीचं नाही, पोरी."

"माझी जागा जाईल."

"जाईन."

बस, एवढंच. दुसरा कोणी असता तर दोन शब्द तरी गोड बोलला असता. मी म्हटलं, पाणी लिहिलं तर डिग्री मिळेल का? तर म्हणे, "मिळते. उशिरा मिळते." उशीर कोणाला परवडतो, हे या माणसानं कधी मोजलं नव्हतं. कायम नोकरीत खुर्चीला टेकून बसल्यावर तत्त्वं पाळायला काय जातं? तेव्हा मी हे त्यांना तोंडावर बोलले. ते चाळणीकडे पाहत राहिले.

मी मार्गदर्शक बदलला. दुसऱ्या गावचे एक प्राध्यापक होते. त्यांच्या हाताखाली इतके विद्यार्थी की ते नावं विसरायचे, सही मात्र विसरायचे नाहीत. पण बदलायचं तर जुन्या मार्गदर्शकाचं ना-हरकत पत्र लागतं. त्यात खाली शेऱ्याचा रकाना असतो. तिथं सरांनी एक ओळ लिहिली असती तरी माझा निकाल लागला असता. मी एकटी गेले नाही, वडिलांना घेऊन गेले. सरांनी पेन उघडलं, रकान्यावर धरलं. बराच वेळ धरलं. मग खाली सही केली, रकाना कोरा ठेवला आणि वडिलांना म्हणाले, "चहा घेता?"

मी जिंकले असं समजले. परत येताना एसटीत वडिलांना म्हटलंही, "पाहा, शेवटी वाकलेच." डॉक्टरेट मिळाली, जागा मिळाली. सरांच्या निवृत्तीआधी दोन वर्षं आम्ही एकाच विभागात होतो. मी रुजू झाले त्या दिवसापासून ते मला "मॅडम" म्हणायला लागले आणि अहो-जाहो करायला लागले. मला हे असं जिव्हारी लागायचं की काय सांगू. जाताना खोलीची किल्ली आणि बिस्किटांचा डबा माझ्या टेबलावर ठेवून गेले. डब्यात चिठ्ठ्या होत्या आणि त्यांच्याखाली एक पत्र. एका परदेशी गटाच्या नकाशात सरांनी चूक दाखवली होती, त्यांनी ती मान्य करून आभार मानले होते. ते पत्र सरांनी कधी भिंतीवर लावलं नाही. एकदाच म्हणाले होते, "चांगले लोक हायेत. चुकलो म्हणाले."

आता माझ्याकडे एक मुलगी आहे. झरी जामणीकडची, कोलाम आदिवासींच्या पोडावरची, म्हणजे वस्तीवरची. घरी कोलामी बोलते, आमच्याशी वऱ्हाडी, आणि संगणकाशी माझ्यापेक्षा चांगली. तिच्या गावातून इथवर आलेली ती पहिलीच. मीच तिला विषय दिला, माझाच, पुढचा. माझा रेणू ज्या खोबणीत बसतो तिथं बसेल असं औषध शोधायचं. मध्यंतरी त्याच प्रोटीनचा नवा नकाशा आला, जुन्याहून कितीतरी रेखीव. त्यात तरी माझा रेणू ठळक दिसायला हवा. तीन वर्षं ती शोधतेय.

गेल्या महिन्यात ती खुर्चीच्या कडेला बसून म्हणाली, "मॅडम, मले दिसून नाही राह्यला. माह्याच हाताले जमत नसन."

आणि मी काय म्हणावं? मी म्हटलं, "पातळी थोडी कमी करून पाहा."

दोन दिवसांनी आली. "मॅडम, कमी केली त सगळीकडेच दिसते."

तिला जाळी कापायला मी शिकवलं नव्हतं. म्हणून तिला सगळं दिसलं. मी तिला बरं म्हटलं, पुन्हा प्रयत्न कर म्हटलं, आणि रविवारी उमरखेडची गाडी धरली. का गेले, ते नीट सांगता येणार नाही. दोन शिव्या खायच्या होत्या बहुतेक.

सर ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. काचबिंदूनं नजर कडेकडेनं गेलीय, समोरचं थोडं दिसतं. मी नमस्कार केला तर आवाजावरून ओळखलं. "या मॅडम." काकूंनी चहा दिला. मी सगळं सांगितलं. झरीची मुलगी, नवा नकाशा, तीन वर्षं. ते सोलत होते.

"किती होती?" त्यांनी विचारलं. तेव्हा विचारलं होतं तेच.

"एक पॉइंट दोन. जाळी कापून."

हे मी जगात पहिल्यांदाच कोणाला सांगितलं. सरांनी हातातली शेंग सोलून संपवली. मग म्हणाले, "बरं केलं, सांगतलं." आणि एकदम अगं-तुगंवर आले. "तुह्या बापानं माह्यापुढं हात जोडले होते. तुले आठवते?"

मला आठवत नव्हतं. मी तेव्हा वडिलांकडे पाहिलंच नव्हतं.

"शेऱ्यात लिहाचं होतं म्या. पेन उघडला होता. मंग वाटलं, पोरगी हुशार हाय. जागा भेटली का आपसूक सुधरन, स्वतःच दुरुस्त करन." एक शेंग किडकी निघाली, ती त्यांनी बाजूला टाकली. "तीनवर काई दिसत नव्हतं तुह्यात. म्या पातळी खाली आणली. मंग दिसलं."

मी म्हटलं, "सर..."

"तुही नाही, माही चूक होय ते. आयुष्यात एकदाच केली." मग काकूंना हाक मारून म्हणाले, "हिले मूठभर दाणे दे, गाडीत खाईन."

मी ते दाणे घेतले आणि पुसदपर्यंत मुठीत धरून बसले. खाल्ले नाहीत. रडूही आलं नाही. आला तो राग. लोकांच्या लग्नात, निरोपात, पावसापाण्यात पातळी विचारत फिरणारा हा माणूस, आणि नेमकी जिथं विचारायची तिथं ह्यानं दया केली. कोणी सांगितली होती दया? त्या दिवशी एक ओळ लिहिली असती तर मी जागेला मुकले असते, हे खरं. बाभुळगावला शिकवण्या घेत बसले असते आणि त्यांना शिव्या देत असते. पण त्या झरीच्या पोरीची तीन वर्षं वाचली असती.

सोमवारी मी जुनी स्क्रिप्ट काढली. काढलेली ओळ परत घातली, टिपेसकट. चित्र काढलं. तोच रेणू, तसाच देखणा, आणि कोपऱ्यात छापलेलं: एक पॉइंट दोन, जाळी कापलेली. मुलीला बोलावून ते पुढं ठेवलं. तिनं चित्राकडे पाहिलं नाही. सर पाहायचे तसं आधी कोपऱ्याकडे पाहिलं, आणि हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

"हे कोनाचं होय मॅडम?"

"माझं."

तिनं चित्रातल्या खोबणीवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "मंग तिथं काय हाय?"

"पाणी."

"मी तीन वर्षं घरी सांगून राह्यली का माह्यातच काई कमी हाय म्हणून."

मी तिला म्हटलं, आपण पाणी लिहू, डिग्री मिळते, उशिरा मिळते. माझ्याच तोंडून हे ऐकताना मला लाज वाटली. तिनं मान हलवली. दुसऱ्या दिवशी आली ती अर्ज घेऊन. मार्गदर्शक बदलायचा होता. नागपूरला एक बाई आहेत, चांगल्या आहेत, मी त्यांना ओळखते. ना-हरकत पत्र माझ्या पुढ्यात ठेवलं आणि बसली नाही, उभीच राहिली.

"सही करते," मी म्हटलं.

"सही त करानच मॅडम. पण शेराबी लिहा. कोरा ठेवसान त लोक म्हनतीन, पोडावरची पोट्टी, जमलं नसन तिले."

तिनं आवाज चढवला नाही. तिला ठाऊक होतं ती काय मागतेय. त्या रकान्यात खरं लिहिलं की माझी डॉक्टरेट गेली, डॉक्टरेट गेली की जागा गेली, ही जागा जिच्यासाठी माझ्या बापानं हात जोडले होते आणि मी पाहिलं नव्हतं. तिला बाहेर बसायला सांगावं, उद्या ये म्हणावं, असं सगळं मनात येऊन गेलं. बिस्किटांचा डबा टेबलावरच होता. ती उभी होती.

मी पेन उघडलं. रकान्यात आधी आकडा लिहिला, एक पॉइंट दोन. मग त्याच्यापुढं लिहिलं की माझ्या प्रबंधातलं ते चित्र खोटं आहे, तिथं पाण्याशिवाय काही नव्हतं, आणि या विद्यार्थिनीला न दिसलेलं ते मुळात नव्हतंच.

सही करून कागद तिला दिला. तिनं उभ्याउभ्याच वाचला, घडी घालून पिशवीत ठेवला आणि गेली. नमस्कार केला नाही. ही ओळ लिहायची पाळी आधी सरांची होती.